बेम्प्टनच्या कड्यांवर समुद्रपक्षी बघायला जाताना

इंग्लंडात राहणाऱ्या मराठी घरांत मे ते जुलै या काळात भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आलेले असतात, आणि दर शनिवारी त्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न असतो. लंडन झालं, लेक डिस्ट्रिक्ट झालं, पुढे काय? माझं उत्तर ठरलेलं आहे: यॉर्कशरच्या पूर्व किनाऱ्यावरचं बेम्प्टन क्लिफ्स. फिली आणि फ्लॅम्बरो हेड यांच्यामधल्या या पांढऱ्या खडूच्या कड्यांवर दर उन्हाळ्यात सुमारे पाच लाख समुद्रपक्षी विणीसाठी जमतात. कडे साधारण शंभर मीटर उंच, खाली उत्तर समुद्र. पक्षिसंरक्षणाचं काम करणारी आरएसपीबी ही संस्था हे राखीव क्षेत्र सांभाळते.

बहुतेक जण तिथे पफिनसाठी जातात. रंगीत चोचीचा हा पक्षी पोस्टरवर, चहाच्या मगवर, सगळीकडे असतो. पण बेम्प्टनच्या मुख्य पक्ष्यांपैकी तो कमी संख्येने असणारा आणि सगळ्यांत अवघड दिसणारा. हा कडा खरा गॅनेट, किटिवेक आणि गिलेमॉट यांचा. हे आधीच डोक्यात पक्कं असेल तर दिवस मजेत जातो. नाहीतर चार तास "पफिन कुठाय, पफिन कुठाय" यातच संपतात.

महिना निवडणं हेच अर्धं काम

गॅनेट फेब्रुवारीच्या आसपासच कड्यावर हजेरी लावतात आणि त्यांची शेवटची पिल्लं ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतात, म्हणजे गॅनेटसाठी सवड भरपूर. बाकीच्यांचं तसं नाही. पफिन एप्रिलमध्ये येतात आणि जुलै संपता संपता निघून जातात. गिलेमॉट आणि रेझरबिल तर जुलैच्या मध्यापासूनच कडा रिकामा करू लागतात. किटिवेक ऑगस्टात निघतात. ऑगस्टच्या शाळेच्या सुट्टीत मुलांना घेऊन "पफिन बघायला" आलेली कुटुंबं हिरमुसून परत जाताना दिसतात, ती यामुळेच.

सगळे पक्षी एकदम हवे असतील तर मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ धरा. त्यातही मला विचाराल तर जूनचा शेवट. त्या दिवसांत गिलेमॉटची पिल्लं उड्या मारतात. जेमतेम तीन आठवड्यांचं, धड उडताही न येणारं पिल्लू संध्याकाळच्या वेळी कड्यावरून थेट समुद्रात झेप घेतं. खाली बाप हाका मारत असतो. मग दोघं पोहत खोल समुद्राकडे निघतात आणि पुढचे काही आठवडे बापच त्याला भरवतो. हे बघायचं तर संध्याकाळी उशिरापर्यंत थांबायची तयारी ठेवा. जूनमध्ये इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे ते जमतं.

वेळेचंही एक गणित आहे. हे कडे उत्तर-ईशान्येकडे तोंड करून उभे आहेत. म्हणजे भर दुपारी कड्याचा दर्शनी भाग सावलीत आणि उजेड तुमच्या डोळ्यांवर. पहाटे आणि संध्याकाळी मात्र उन्हाळ्यातलं तिरकं ऊन थेट कपारींत शिरतं. फोटो काढायचे असतील तर या दोनपैकी एक वेळ गाठा. पफिनही याच वेळांना जास्त दिसतात, आणि गर्दीही तेव्हाच कमी असते.

हवामान बघताना पाऊस येणार का एवढंच बघून चालत नाही, वाऱ्याची दिशा बघा. पूर्वेचा वारा असला की समुद्रावरून दाट धुकं किनाऱ्यावर चढतं. यॉर्कशरचे लोक त्याला सी फ्रेट म्हणतात. आत मैलभरावर लख्ख ऊन आणि कड्यावर दहा फुटांपलीकडचं दिसत नाही, असं सहज होतं. अशा दिवशी पक्षी ऐकू येतात, वासही येतो, दिसत मात्र नाहीत. वारा पश्चिमेचा किंवा नैऋत्येचा असेल तर बिनघोर निघा.

पोचायचं कसं

हल ते स्कारबरो या रेल्वेमार्गावर बेम्प्टन नावाचं छोटंसं स्टेशन आहे. लीड्स किंवा मँचेस्टरहून येणाऱ्यांनी हल किंवा स्कारबरोला गाडी बदलायची. लंडनहून किंग्ज क्रॉसवरून हलला थेट गाड्या आहेत. स्टेशनपासून राखीव क्षेत्र सव्वा-दीड मैल: गावातून चालत क्लिफ लेन धरायची आणि समुद्राच्या दिशेने सरळ जायचं, अर्धा तास लागतो. रस्ता सपाट आहे, पण शेवटच्या टप्प्यात फुटपाथ नाही, तेव्हा मुलांचा हात धरा. स्टेशनवर टॅक्सी उभी असते अशा भ्रमात राहू नका. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर बेम्प्टनऐवजी शेजारच्या ब्रिडलिंग्टन स्टेशनला उतरून तिथून टॅक्सी करणं शहाणपणाचं. परतीच्या गाडीची वेळ निघण्यापूर्वीच बघून ठेवा, कारण या मार्गावर गाडी चुकली की पुढची लगेच नसते.

गाडीने लीड्सहून साधारण पावणेदोन-दोन तास. राखीव क्षेत्राचं स्वतःचं पार्किंग आहे, पण जूनमधल्या रविवारी अकरानंतर ते भरायला लागतं. लंडनहून एका दिवसात जाऊन येण्याचा अट्टहास करू नका. ब्रिडलिंग्टन किंवा फिलीला मुक्काम करा, म्हणजे पहाट किंवा संध्याकाळ तरी हाताशी लागेल.

आरएसपीबीच्या सभासदांना प्रवेश मोफत, इतरांना तिकीट. दर आणि तिथल्या व्हिजिटर सेंटरच्या वेळा हंगामानुसार बदलतात, त्या संस्थेच्या संकेतस्थळावर बघून घ्या. स्वच्छतागृह आणि खाण्यापिण्याची सोय सेंटरपाशीच आहे. पुढे कड्यावर काही नाही.

पिशवीत काय

जून असला तरी वारा अडवणारं जॅकेट आणि कानटोपी घ्याच. भारतातून आलेल्या मंडळींना "उन्हाळा आहे, शाल कशाला" असं कुणी सांगितलं असेल तर ते खोडून काढा. शंभर मीटर उंच उघड्या कड्यावर उत्तर समुद्राचा वारा अंगावर घेत दोन तास उभं राहायचं असतं. पायात पकड असलेले बूट हवेत, कारण पावसानंतर गवत निसरडं होतं. थर्मॉसमध्ये चहा, डब्यात मेथीचे पराठे किंवा दशम्या. फक्त खाणं आटोपताना कागद-प्लॅस्टिक वाऱ्यावर जाऊ देऊ नका. गॅनेट समुद्रातून वेचलेल्या दोऱ्या आणि जाळ्यांचे तुकडे घरट्यात लावतात आणि त्यात त्यांचीच पिल्लं अडकतात. कड्यावर निळ्या-नारिंगी दोऱ्या लोंबताना तुम्हाला दिसतीलच.

दुर्बीण हवीच. ८ × ४२ मापाची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, सर्वांत सोयीची: फार जड नाही आणि वाऱ्यात हात हलला तरी चित्र टिकतं. १२ किंवा १६ पट मोठं दाखवणारी इथे हातात स्थिर राहत नाही. दुर्बीण नसेल तरी अडत नाही. हंगामात कड्यावर आरएसपीबीचे स्वयंसेवक स्कोप (तिवईवरची मोठी दुर्बीण) लावून उभे असतात आणि आनंदाने दाखवतात. त्यांना "आज पफिन कुठल्या कपारीत आहे?" एवढा एकच प्रश्न विचारा. तासाभराची शोधाशोध वाचेल.

आणि हो, वास. लाखो पक्ष्यांच्या शिटेचा वास माशांच्या बाजाराला मागे टाकतो. पहिली दहा मिनिटं त्रास होतो, मग नाक सरावतं. कपड्यांतून मात्र तो घरापर्यंत येतो.

कड्यावर: आधी कुठे, मग कुठे

सेंटरमधून बाहेर पडलं की पायवाट कड्याकडे जाते आणि तिथून दोन्ही बाजूंना फाटते. कड्याच्या काठाने कुंपण घातलेली निरीक्षणाची ठिकाणं आहेत: ग्रँडस्टँड, बार्टलेट नॅब, न्यू रोल-अप, जुबिली कॉर्नर आणि स्टेपल न्यूक. सेंटरजवळच्या काही ठिकाणांपर्यंत बाबागाडी आणि व्हीलचेअर जाते. समुद्राकडे तोंड केलं तर उजव्या हाताला सर्वांत लांब स्टेपल न्यूक, तिथवर मात्र चालायला हवं.

पहिल्यांदा येणारे सगळी ठिकाणं भराभर उरकतात. तसं करू नका. माझा क्रम असा: सर्वांत जवळच्या ठिकाणी फक्त दहा मिनिटं, डोळे आणि नाक सरावण्यापुरती. मग थेट स्टेपल न्यूक. समुद्रात घुसलेल्या कड्याला तिथे नैसर्गिक कमान आहे आणि तिच्या पाठीवर गॅनेटची वसाहत अशी दाटलेली असते की खडक दिसत नाही. परतताना मग एकच ठिकाण निवडायचं आणि तिथे तासभर बसायचं.

बसल्यावर अख्खा कडा बघायचा नाही. एक कंगोरा निवडायचा, दहा-बारा पक्ष्यांचा, आणि तोच बघत राहायचा. पहिल्या पाच मिनिटांत नुसती गजबज वाटते. मग लक्षात येतं की इथे प्रत्येकाची जागा ठरलेली आहे, कोण बाहेर गेलंय, कोण वाट बघतंय, कोण शेजाऱ्याच्या घरट्यातलं गवत चोरतंय. गर्दीच्या चाळीतल्या गॅलरीसारखाच प्रकार आहे, भांडणांसकट.

कोण कोण, आणि ओळखायचं कसं

गॅनेट ओळखायला काही लागत नाही. पांढराशुभ्र, डोक्याला फिकट पिवळसर झाक, पंखांची टोकं काळी, पंखांचा पसारा जवळपास दोन मीटर. ब्रिटनच्या मुख्य भूमीवरची त्यांची सर्वांत मोठी वसाहत हीच, आणि ती फार जुनी नाही. १९६० च्या दशकात इथे थोड्याच जोड्या होत्या, २०१७ च्या मोजणीत १३ हजारांवर भरल्या.

गॅनेटच्या जोडीकडे निवांत बघा. एक जण परतला की दोघं माना उंचावून चोचींवर चोची आपटतात. निघायचं असलं की पक्षी चोच सरळ आकाशाकडे करून उभा राहतो, म्हणजे जोडीदाराला कळतं की आता अंडं तू सांभाळ. अंडं एकच, आणि ते उबवायची तऱ्हा वेगळी: पोटाखाली नव्हे, तर रुंद पडदेदार पायांखाली धरून. समुद्रावर मासा दिसला की हाच पक्षी तीस मीटर उंचीवरून पंख मागे ओढून सूर मारतो. पाण्यात शिरताना वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. तो धक्का सोसायला चेहऱ्याच्या आणि छातीच्या कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात, आणि बाहेर उघडणाऱ्या नाकपुड्याच नसतात.

जवळून दिसलेल्या गॅनेटचे डोळेही बघा. एरवी ते फिकट निळसर असतात. २०२२ च्या बर्ड फ्लूच्या मोठ्या साथीनंतर स्कॉटलंडच्या बास रॉकवरच्या अभ्यासात दिसलं की आजारातून वाचलेल्या काही गॅनेटची बुबुळं काळी झाली आहेत.

किटिवेक म्हणजे कुरवांतला (गल पक्ष्यांतला) खरा समुद्री पक्षी. तो आपलंच नाव ओरडत असतो, त्यामुळे कानानेच ओळखू येतो. पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी सरळ काळी, पाय काळे, चोच पिवळी. त्याच्याहून थोराड, गुलाबी पायांचा आणि चोचीवर लाल ठिपका असलेला तो हेरिंग गल. तळहाताएवढ्या कंगोऱ्यावर चिखल आणि शेवाळ थापून किटिवेक घरटं बांधतो. त्याची पिल्लं उडायला येईपर्यंत भिंतीकडे तोंड करून गप्प बसतात. हलली की गेलीच!

शिवडीला किंवा अलिबागला हिवाळ्यात कुरव बघितलेले पाहुणे इथे हमखास म्हणतात, "हे तर आपल्याकडेही असतात." असतात, पण फक्त हिवाळी पाहुणे म्हणून. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडच्या सरोवरांवर वीण करतो, कोकणात नाही. कोकणच्या समुद्रात समुद्रपक्ष्यांची वीण बघायची तर वेंगुर्ला रॉक्सच्या बेटांवरच्या सुरयांचं (टर्न पक्ष्यांचं) नाव घ्यावं लागतं. खडूच्या कड्यावर लाखोंनी अंडी घालणारे पक्षी मात्र आपल्याकडे नाहीत, त्यामुळे हे दृश्य पाहुण्यांना खरोखर नवं असतं.

गिलेमॉट आणि रेझरबिल दोन्ही उभे राहतात, दोन्ही वरून काळे आणि खालून पांढरे. फरक चोचीत. गिलेमॉटची चोच बारीक, टोकदार, आणि अंग नीट पाहिलं तर चॉकलेटी. रेझरबिल कोळशासारखा काळा, चोच जाड आणि चपटी, तिच्यावर पांढरी रेघ. काही गिलेमॉटच्या डोळ्यांभोवती चष्म्यासारखं पांढरं कडं असतं. ती वेगळी जात नाही, त्याच जातीतला एक प्रकार आहे.

गिलेमॉट घरटं बांधतच नाही. उघड्या, उतरत्या दगडावर एकच अंडं, एका टोकाला निमुळतं. असं अंडं गोल फिरतं म्हणून पडत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. शेफील्ड विद्यापीठाच्या टिम बर्कहेड यांनी सहकाऱ्यांसह २०१८ मध्ये दाखवलं की या आकाराचं अंडं उतारावर मुळात जास्त स्थिर बसतं, म्हणजे घरंगळायची सुरुवातच सहसा होत नाही. प्रत्येक मादीच्या अंड्याचा रंग आणि नक्षी वेगळी, आणि तीच मादी दर वर्षी तशीच नक्षी घालते.

फुलमार दिसायला साधा राखाडी कुरव वाटतो, पण त्याचे ताठ पंख बघा, हलवतच नाही जणू. चोचीवर नळीसारखी नाकपुडी असते. फार जवळ गेलं तर तो घाणेरडं तेल थुंकतो. कुंपणाच्या आत राहिलात तर ही पाळी येत नाही.

आता पफिन. आधी एक गोष्ट: तो लहान असतो, जेमतेम तीस सेंटिमीटर. कावळ्यापेक्षाही छोटा. फोटो बघून लोक बदकाएवढा पक्षी शोधत बसतात आणि समोरचा निसटतो. दुसरं म्हणजे बेम्प्टनला तो जमिनीत बिळं करत नाही, कड्यातल्या भेगांत वीण करतो. त्यामुळे एका जागी गर्दी नसते. गिलेमॉटच्या रांगांच्या वर, गवताच्या कडेच्या खाली, एखाद्या भेगेच्या तोंडाशी नारिंगी पाय दिसतात का ते बघा. पिल्लं भेगांच्या आतच असल्याने दिसणार नाहीत.

पफिनच हवा असेल, आणि तोही पाच-सहा फुटांवर, तर बेम्प्टन सोडा आणि नॉर्थंबरलंडच्या फार्न बेटांवर जा. सीहाउसेसहून बोटी सुटतात. तिथे पफिन बिळांतून ये-जा करत तुमच्या पायांजवळून जातात. जाड टोपी मात्र घाला: मे-जूनमध्ये आर्क्टिक सुरय डोक्यावर चोची मारतात.

बंदुकीवाले आणि दोरवाले

या कड्याचा इतिहास माहीत असेल तर बघण्यात वेगळी गंमत येते. तुम्ही ज्या मार्गाने येता तो रेल्वेमार्ग १८४० च्या दशकात ब्रिडलिंग्टनपर्यंत आणि मग फिलीकडे पोचला, आणि त्याने हौशी शिकारी आणले. बोटीत बसून कड्यावरच्या पक्ष्यांवर गोळ्या झाडायच्या हा त्यांचा खेळ. किटिवेकचे पंख बायकांच्या टोप्यांना लावायला जायचे. विणीच्या ऐन काळात आईबाप मेले की पिल्लं उपासमारीने मरायची. त्याविरुद्ध स्थानिक धर्मगुरूंनी आवाज उठवला, खासदार क्रिस्टोफर साइक्स यांनी संसदेत विधेयक मांडलं, आणि १८६९ मध्ये समुद्रपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. १ एप्रिल ते १ ऑगस्ट या काळात शिकारीला बंदी. ब्रिटनमध्ये वन्य पक्ष्यांना वाचवण्यासाठी केलेला हा सुरुवातीचा कायदा.

अंड्यांना मात्र त्याने हात लावला नाही. बेम्प्टन, बकटन, फ्लॅम्बरोचे गावकरी टोळ्या करून कड्यावर जात. एक जण दोरावरून खाली उतरे, बाकीचे वर दोर धरत. गिलेमॉटची अंडी खायला जात, पेटंट लेदरच्या (चकचकीत चामड्याच्या) कारखान्यांत त्यांतला पांढरा भाग वापरला जाई, आणि सर्वांत सुंदर नक्षीची संग्राहकांना विकली जात. मादी दर वर्षी तशीच नक्षी घालते हे या दोरवाल्यांना शास्त्रज्ञांच्याही आधी पक्कं माहीत होतं, कारण तीच कपार दर वर्षी तसंच अंडं देई. १९५४ च्या कायद्याने हे थांबलं.

नियम

कड्याच्या काठावर जे गवत दिसतं त्याखाली अनेकदा काहीच नसतं, खडू आतून झिजून गेलेला असतो. कुंपण ओलांडायचं नाही, सेल्फीसाठी तर मुळीच नाही. मुलांना रेलिंगवर चढवायचं नाही. ड्रोनला परवानगी नाही. कुत्रा साखळीला बांधलेला हवा. स्पीकर लावून पक्ष्यांचे आवाज वाजवू नका, आणि मोठ्याने गप्पा मारताना शेजारी कुणीतरी फोटोसाठी श्वास रोखून उभं आहे एवढं ध्यानात ठेवा.

समुद्रातून

कड्यावर चालणं झेपणार नसेल, किंवा वेळ असेल, तर ब्रिडलिंग्टन बंदरातून यॉर्कशर बेल ही १९४७ मध्ये बांधलेली बोट कड्यांखाली नेते. आरएसपीबीच्या समुद्रपक्षी सफरीही हिच्यावरच असतात, त्यांत माहिती सांगणारे सोबत असतात. त्या आधी भरतात, म्हणून आरक्षण लवकर करा. बोटीतून कड्याची उंची खरी कळते, आणि पफिन पाण्यावर तरंगताना सहज दिसतो. पण वारा पूर्वेचा असेल तर बोट हलते. बोट लागणाऱ्यांनी निघण्याआधी गोळी घ्यावी आणि रिकाम्या पोटी जाऊ नये.

बोटीवरून उतरल्यावर ब्रिडलिंग्टनच्या धक्क्यावर फिश अँड चिप्स घ्याल तर भिंतीला पाठ लावून खा. हेरिंग गल मागूनच येतात, आणि अख्खा मासा उचलून नेतात.